सोळावा हिस्सा की चौथा? : हिशेब आपला आपण करू या

जालना जिल्ह्यातल्या बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.



सकाळपासून आपण कायद्यांवर बोलतो आहोत. जेवणानंतरच्या सत्रात गणित आहे असं कळल्यावर मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालंही, "ताई, शाळा सुटली ती या गणितापायीच." तरीही मी गणितच घेऊन आले आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांत समाजकार्यकर्ती म्हणून फिरताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. कायदे बदलले, बाईचा हक्क कागदावर वाढला. पण तिचा वाटा नेमका किती, हे तिला अजून दुसरंच कुणीतरी सांगतं. भाऊ सांगतो, दीर सांगतो, तलाठी सांगतो. "तुझं थोडंफार निघतं गं," असं सांगतात. थोडंफार म्हणजे किती? हे विचारता आलं पाहिजे आणि मिळालेलं उत्तर पडताळून पाहता आलं पाहिजे. नाहीतर मिळेल ते उपकार म्हणून पदरात घ्यावं लागतं.

म्हणून आज दोन हिशेब करायचे आहेत. पहिला वाट्याचा, म्हणजे अपूर्णांकाचा. दुसरा शक्यतेचा, म्हणजे एखादी गोष्ट घडायचा संभव किती, याचा. दोन्ही हिशेब बाईच्या विरोधात वापरले जातात, कारण पेन्सिल तिच्या हातात नसते.

अपूर्णांक आपल्याला येतात

मुळात आपल्याला अपूर्णांक येत नाहीत, हा समजच काढून टाका. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे घोकून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ते पाढे मुलांच्या वाट्याला आले. मुलींना शाळेत कुणी पाठवलं नाही, पण पावशेर डाळ, दीड पायली ज्वारी, पाऊण वाटी तेल, अडीच मीटर कापड हे सगळं घरात मोजत आल्या त्या बायाच. पाच माणसांच्या जेवणाला सात जण आले तर कालवण कसं पुरवायचं, हेही अपूर्णांकाचंच गणित आहे.

रुपयाचे सोळा आणे होते. १९५७ साली नवे पैसे आले, तरी बोलण्यातले आणे गेले नाहीत. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे निम्मे, बारा आणे म्हणजे पाऊण. पिकाची आणेवारी, आता पैसेवारी म्हणतात ती, पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळी सवलतींची चर्चा सुरू होते, हे मराठवाड्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. शेत बटईनं दिलं तर निम्मं पीक कुणाचं, हेही तिला पाठ आहे.

आणखी एक अपूर्णांक आपल्या भागातला. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे बाई अर्धा कोयता आहे हे मुकादमालाही मान्य आहे. आता हिशेब करा. एका कोयत्याला एक लाख रुपये उचल मिळाली, तर अर्ध्या कोयत्याचे पन्नास हजार तिचे झाले. पण उचल मोजून दिली जाते ती नवऱ्याच्या हातात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, शिवाय पहाटेची आणि रात्रीची भाकरी तिचीच. फिटायची राहिलेली उचल मात्र दोघांच्या डोक्यावर असते. कामात अर्धी, कर्जात अर्धी आणि हातात येणाऱ्या रकमेत शून्य! हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो खटकत नाही.

कागदाच्या घड्या

तुमच्या प्रत्येकीच्या हातात एक कागद दिला आहे. त्याची मधोमध घडी घाला. दोन भाग झाले, एक भाग म्हणजे अर्धा. आणखी एक घडी. चार भाग, एक भाग म्हणजे पाव. तिसरी घडी, आठ भाग. चौथी घडी, सोळा भाग. आता कागद उलगडा आणि त्यातल्या एकाच चौकोनावर बोट ठेवा. हा सोळावा हिस्सा. लिहिताना १/१६ असं लिहितात. वरचा आकडा आपल्याला किती तुकडे मिळाले ते सांगतो, खालचा आकडा एकूण तुकडे किती केले ते सांगतो.

इथे एक फसगत होते. सोळा हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून १/१६ हा वाटा १/४ पेक्षा मोठा वाटतो. भाकरी एकच आहे आणि खाणारी तोंडं सोळा आहेत, हे ध्यानात ठेवा. खालचा आकडा वाढला की तुकडा लहान होतो. पाव हिश्श्यात सोळाव्या हिश्श्यासारखे चार तुकडे मावतात, हे कागदावरच मोजून बघा. हा कागद टाकू नका, दुसऱ्या हिशेबालाही तोच लागणार आहे.

आठ एकरांचा हिशेब

समजा एका घरात आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात नवरा, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. आजी-आजोबा हयात नाहीत. घरधनी मृत्युपत्र न करता वारला. मुलीचा वाटा किती?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हा हिशेब दोन पायऱ्यांनी व्हायचा. तो कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. पहिली पायरी अशी, की माणूस मरण्याच्या क्षणी घरात वाटणी झाली असं मानायचं. त्या मानलेल्या वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी. प्रत्येकाला पाव. मुलगी या पायरीवर नाहीच, कारण तिला जन्मानं हक्क नव्हता. दुसरी पायरी, वडिलांचा तो पाव हिस्सा त्यांच्या वारसांत वाटायचा. वारस चार : आई, दोन मुलगे आणि मुलगी. पावाचे चार भाग, म्हणजे एकेक सोळावा हिस्सा.

आता बेरीज करा. मुलीला १/१६. प्रत्येक मुलाला स्वतःचा पाव, म्हणजे ४/१६, आणि वडिलांच्या वाट्यातून आलेला १/१६, मिळून ५/१६. आईलाही तसेच ५/१६. पाच आणि पाच आणि पाच आणि एक, मिळून सोळा. हिशेब जुळला. एका एकराचे चाळीस गुंठे. आठ एकरांचे ३२० गुंठे. त्यातले वीस गुंठे मुलीचे आणि शंभर-शंभर गुंठे दोन्ही भावांचे. एकाच आईच्या पोटची तीन लेकरं, आणि कायदाच पाचास एक असा वाटा सांगत होता.

हे बदलायला वेळ लागला. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं सगळ्याच मुलींना, लग्न झालेल्या असोत वा नसोत, मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेल्या वाटण्या मात्र मोडता येत नाहीत.

आता तोच हिशेब नव्यानं करा. मानलेल्या वाटणीत वाटेकरी पाच झाले : वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाला पाचवा हिस्सा. वडिलांच्या पाचव्या हिश्श्याचे चार वारस, म्हणजे एकेकाला विसावा हिस्सा. मुलीचा स्वतःचा १/५ म्हणजे ४/२०, त्यात १/२० मिळवला की ५/२०. म्हणजे बरोबर पाव. आठ एकरांपैकी दोन एकर. वीस गुंठ्यांचे ऐंशी गुंठे झाले, चौपट. ही चौपट कुणी दान दिलेली नाही. पण किती बहिणींना माहीत आहे, की आपला वाटा सोळावा राहिला नाही, चौथा झाला आहे?

आईचा वाटा हाही मोठा झगड्याचा विषय होता. सांगलीच्या कोर्टातला एक खटला कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला आणि चोवीसपैकी सात हिस्से मागितले. त्यांचा हिशेब असा : मानलेल्या वाटणीत नवरा, बायको, दोन मुलगे असे चौघं, म्हणून स्वतःचा पाव, म्हणजे ६/२४. नवऱ्याच्या पावाचे वारस सहा, म्हणून त्यातला १/२४. एकूण ७/२४. खालच्या कोर्टानं त्यांना फक्त १/२४ दिला. मुंबई उच्च न्यायालयानं ७/२४ मान्य केले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालानं हिराबाईंचा हिशेब कायम झाला. चोवीस एकर जमीन असती तर एक एकर की सात एकर, एवढं त्या बेरजेवर अवलंबून होतं. एक पायरी गाळली की बाईचे सातापैकी सहा हिस्से गेले. आज गावात हिशेब सांगताना अशीच एखादी पायरी गाळली जाते, म्हणून पायऱ्या मोजायला शिकायचं.

मुस्लिम मैत्रिणी इथे बऱ्याच आहेत. त्यांच्या शरियतमध्ये वाटे आकड्यांतच सांगितलेले आहेत. लेकरं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाच्या निम्मं मुलीला. समजा माणूस मागे चाळीस हजार रुपये ठेवून गेला, कर्ज नाही, त्याचे आई-वडील नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पत्नीला पाच हजार. उरले पस्तीस हजार. त्याचे पाच भाग करा, एकेक भाग सात हजारांचा. मुलीला सात, मुलांना चौदा-चौदा. मुलीला निम्मंच का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण ते सातही अनेकींच्या हातात पडत नाहीत, आधी ते तरी मोजून मागू या.

प्रत्येक घरची माणसं वेगळी, म्हणून प्रत्येक घरचा आकडा वेगळा येईल. कमावलेली जमीन, मृत्युपत्र, कुळाची जमीन यांचे नियमही वेगळे आहेत. त्यासाठी वकिलाकडे जावंच लागतं. पण आपला कच्चा हिशेब करून गेलेल्या बाईशी वकीलही वेगळ्या सुरात बोलतो.

सही करण्याआधी

हक्कसोडपत्र हा शब्द तुम्हाला नवा नाही. वडिलांचं दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच बहिणींना तालुक्याला नेलं जातं. साडीचोळी होते, जेवण होतं आणि सही होते. जमीन महामार्गात किंवा धरणात जाते, मोबदला यायची वेळ होते, तेव्हाही बहिणींची आठवण निघते. "माहेर तोडायचं का?" हा प्रश्न तिला विचारला जातो. सोळा आण्यांतले बारा आणे ठेवून घेणाऱ्यांना मात्र तो कुणी विचारत नाही.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक बहिणीनं दावा ठोकावा. माहेर हा बाईचा शेवटचा आसरा असतो. नवऱ्यानं हाकलली तर कुठे जायचं, हा प्रश्न तिच्या मनात कायम असतो. सोडायचं की नाही, हे तिनं ठरवावं. पण काय सोडतो आहोत ते कळून सोडावं. आपल्या उदाहरणात एकरी दहा लाख भाव धरला तर दोन एकरांचे वीस लाख होतात. वीस लाखांच्या बदल्यात एक साडी, हा आकडा एकदा तरी तिच्या समोर कागदावर लिहिलेला असू द्या. मग काही जणी म्हणतील, सगळं नको, पण अर्धा एकर तरी माझ्या नावावर राहू द्या. असं बोलणं आकड्याशिवाय होत नाही.

आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला, असंही नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, तो मालकी देत नाही की काढूनही घेत नाही. पण वारस लागताना तुमचं नाव गाळलं गेलं तर फेरफाराच्या नोटिशीवर मुदतीत हरकत घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर, सुमारे अडीच एकर. आपले आठ एकर तिथे ३ हेक्टर २४ आर असे दिसतील. त्यांचा पाव म्हणजे ८१ आर.

मुलगा होण्याची शक्यता

आता तोच घड्या घातलेला कागद पुन्हा हातात घ्या.

पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे पारडं किंचित मुलांकडे झुकतं, पण हिशेबाला आपण निम्मं धरू. बीजात बाईकडून नेहमी एक्स येतो. पुरुषाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. दोष द्यायचाच तर तो बाईला देता येत नाही, आणि पुरुषालाही देऊ नये, कारण त्याच्या हातातही ते नाही.

पहिली घडी : एक मूल. अर्ध्या घरांत मुलगी. दुसरी घडी : दोन मुलं. मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी अशा चार तऱ्हा. दोन्ही मुलीच, याची शक्यता पाव. तिसरी घडी : तिन्ही मुली, आठवा हिस्सा. चौथी घडी : चारही मुली, सोळावा हिस्सा.

याचा अर्थ काय? गावात तीन-तीन लेकरं असलेली ऐंशी घरं असतील, तर त्यातल्या साधारण दहा घरांत तिन्ही मुलीच असणार. कुणाचा शाप नाही, कुणाचं पाप नाही, कुणाच्या कुशीत खोट नाही. दुसऱ्या दहा घरांत तिन्ही मुलगेच असतील. त्या दहा सुनांना कुणी घराबाहेर काढत नाही, आणि या दहांना मात्र सवत आणायची धमकी मिळते.

आता पुढचा प्रश्न. तीन मुली झाल्या, चौथ्या वेळी काय? सासू म्हणते, "आता तरी मुलगा व्हायलाच पाहिजे." शेजारीण म्हणते, "हिच्या पोटी मुलीच." दोघींचंही चूक. एक रुपयाचं नाणं घ्या. तीनदा छापा पडला, म्हणून चौथ्यांदा काटा पडेल असं नसतं. नाण्याला मागचं आठवत नाही. गर्भालाही आपल्या आधी किती बहिणी झाल्या हे ठाऊक नसतं. चौथ्या वेळीही शक्यता निम्मीच. एका मुलासाठी चौथं, पाचवं बाळंतपण सोसणारी बाई प्रत्येक वेळी तेच नाणं उडवते, आणि पणाला तिचं शरीर लागलेलं असतं.

यावरच पुत्रप्राप्तीचं औषध देणाऱ्यांचा धंदा चालतो. समजा एका वैदूनं शंभर बायांकडून पाच-पाच हजार घेतले, पाच लाख झाले. तो म्हणतो, मुलगा झाला नाही तर पैसे परत. किती प्रामाणिक! त्यानं साखर दिली तरी पन्नास जणींना मुलगे होणारच. उरलेल्या पन्नास जणींचे अडीच लाख परत केले, तरी अडीच लाख खिशात राहिले. वर पन्नास घरं गावोगाव सांगतात, "गुण आला." ज्यांना मुलगी झाली त्या गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं आपलंच पथ्य चुकलं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमकीला गुण आला, तर विचारा : एकूण किती जणींनी घेतलं होतं?

आता शेवटची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एका घरात तीन मुली किंवा तीन मुलगे, हा योगायोग. नाणं चार वेळा उडवलं तर चारही छापे पडू शकतात. पण लाख वेळा उडवलं तर निम्म्याच्या आसपासच येणार. संख्या मोठी झाली की योगायोगाला पळवाट उरत नाही. निसर्गाच्या हिशेबानं हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली हव्यात. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात १९९१ साली हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ८०७. साडेनऊशे वजा आठशे सात, म्हणजे १४३. ढोबळ मानानं दर सहा-सात मुलींमागे एक मुलगी नाहीशी झाली. एकतर ती जन्मू दिली नाही, किंवा जन्मल्यावर जगवली नाही. सोनोग्राफीच्या यंत्राचा असा वापर थांबवायला महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. कुणी म्हणालं की "देवाची मर्जी, मुली कमीच जन्माला आल्या," तर हा हिशेब समोर ठेवा.

गटात काय करायचं

पुढच्या महिन्याच्या बैठकीत तीन कामं करा. एक, प्रत्येकीनं माहेरच्या आणि सासरच्या जमिनीचा सातबारा आणि शेवटचा फेरफार आणावा, आणि घरातली माणसं लिहून आपला वाटा दोन पायऱ्यांनी काढावा. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण एक आली पाहिजे. नाही आली तर कुणाचा तरी वाटा कुठेतरी गेला आहे. दोन, गावातल्या पाच वर्षांच्या जन्मनोंदी ग्रामपंचायतीतून बघाव्यात आणि मुली-मुलगे मोजावेत. एका वर्षाच्या आकड्यावर आरोप करू नका, लहान गावात तो सहज वर-खाली होतो. पाच वर्षांचे, आसपासच्या दहा गावांचे आकडे एकत्र मांडा, मग बोला. तीन, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कागदाच्या घड्या घालून हे दुसरीला शिकवावं. मुलींना तर शिकवावंच, आणि घरातल्या मुलग्यांनाही शिकवावं, कारण उद्या वाटणीच्या बैठकीत तेच बसणार आहेत.

हिशेब आला म्हणून जमीन मिळते असं नाही. त्यासाठी भांडावं लागतं, एकीनं उभं राहावं लागतं आणि कधी नातं दुखावण्याची किंमत द्यावी लागते. पण किती मागायचं हेच ठाऊक नसेल तर भांडणही उभं राहत नाही. फळ्यावर आठ एकरांचा हिशेब लिहून ठेवला आहे, कुणाला पुन्हा करून बघायचा असेल तर पुढे या. ज्यांच्या घरची माणसं वेगळी आहेत त्यांनी ती सांगा, आपण सगळ्या मिळून काढू.